बाळगोळी आणि मिसरी

गेले तीन शनिवार इथे काहीच लिहिलं नाही. रिलीज होता, नंतर रिलीजमधले बग होते, आणि मग उरलेल्या रविवारी नुसती झोप होती. असो. आजचा विषय मी निवडलेला नाही, ताईने माझ्या गळ्यात घातलाय.

ताई म्हणजे माझी चुलत बहीण. उमरग्यापासून दहा-बारा किलोमीटरवरच्या एका खेड्यात ती आशा म्हणून काम करते. (ज्यांना उमरगा माहीत नाही त्यांच्यासाठी : सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागा, नळदुर्ग गेलं, अणदूर गेलं की उमरगा. त्यापुढे कर्नाटक.) एका रविवारी सकाळी तिचा फोन आला.

"आरं, तुला ते पीपीटी का काय ते येतंय ना? मला एक करून दे. महिन्याच्या मीटिंगला बाकीच्या आशांपुढं दहा मिनिटं बोलायला सांगितलंय. तंबाखू आणि तान्हं लेकरू."

म्हटलं, ताई, हे तर अर्ध्या तासाचं काम. चार फोटो, चार बुलेट. पण मग तिने खरी गोष्ट सांगितली. तिच्या गावात एक बाळंतीण होती. बाळ एक किलो नऊशे ग्रॅमचं. ताईने तिला गरोदरपणात तीन वेळा विचारलं होतं, मिसरी लावतीस का? तिन्ही वेळा उत्तर, "न्हाई ओ ताई." बाळ झाल्यावर सातव्या दिवशी ताई घरी गेली तर उशाखाली डबी. ताई भडकली. लेकराचा जीव घेतेस का, वगैरे सगळं बोलून झालं. चौदाव्या दिवशी गेली तर दाराला कडी. माहेरी गेली म्हणे. शेजारीण हळूच म्हणाली, घरातच हाय.

"आता त्या लेकराचं वजन कोण करणार, सांग," ताई म्हणाली. "दूध ओढतंय का, अंग गार पडलंय का, कोण बघणार? मी बोलले ते खरंच होतं. पण दार बंद झालं ना."

तर पीपीटी राहिली बाजूला, आणि मी वाचत बसलो.

आमच्या आजीची मिसरीची पितळी डबी मला लख्ख आठवते. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, आणि डाव्या हाताच्या तळव्यावर घेऊन बोटाने दाताला लावायची. सकाळी एकदा, दुपारी भाकरी खाल्ल्यावर एकदा, संध्याकाळी एकदा, आणि मध्ये मोजायचं नाही. तिच्या तोंडून एक शब्द लहानपणी ऐकला होता, "बाळगोळी". बाया खुरपायला जायच्या तेव्हा झोळी बाभळीला बांधायच्या, आणि रडक्या लेकराला एक बाळगोळी चाटवायच्या. लेकरू संध्याकाळपर्यंत गप. आजी हे अगदी सहज सांगायची. मला वाटायचं, बाळगोळी म्हणजे बाळगुटीच. हळकुंड, वेखंड, जायफळ उगाळून देतात ती.

नाही. बाळगुटी वेगळी, बाळगोळी वेगळी. बाळगोळीत अफू असायची.

आणि ही काही आमच्या निजामाच्या मुलखातल्या चार खेड्यांची गोष्ट नव्हती. या गोळीचा सगळ्यात ठळक पुरावा सापडतो तो मुंबईत, गिरणगावात. १९१९ साली वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. तिथे बाळंतपणाच्या रजेचा ठराव झाला : कामगार बाईला बाळंतपणाआधी सहा आणि नंतर सहा आठवडे. हिंदुस्थानला तो लगेच लागू केला नाही, आधी तुमच्याकडची परिस्थिती तपासून कळवा, असं ठरलं. मग सरकारने बायकांच्या कामाची पाहणी करायला स्त्री-डॉक्टर नेमल्या. बंगालकडे डॉ. डॅगमार कर्जेल, मुंबईत डॉ. बार्न्स. बार्न्सबाईंचा अहवाल १९२२ साली मुंबई सरकारच्या 'लेबर गॅझेट'मध्ये छापून आला. त्यातला एक आकडा तेव्हापासून शंभर वर्षं लोक उद्धृत करताहेत : गिरणीत काम करणाऱ्या बायकांच्या तान्ह्या मुलांपैकी ९८ टक्के मुलांना अफू दिली जात होती.

अठ्ठ्याण्णव. मी तो आकडा दोनदा वाचला. म्हणजे न देणारी बाई अपवाद.

आता आपण पुण्यात एसीत बसून म्हणणार, काय अडाणीपणा! पण जरा त्या बाईचा दिवस बघा. मुंबईच्या गिरण्यांत तेव्हा साधारण पाचातली एक कामगार बाई होती, बहुतेक जणी वायंडिंग आणि रीळ खात्यात. दिवस दहा-अकरा तासांचा. गिरणीत पाळणाघर म्हणाल तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या ठिकाणी. चाळीतल्या खोलीत बाळ ठेवायचं तर बघणारी म्हातारी हवी, ती गावाकडे. कामाला नाही गेलं तर नायकीण दुसरीला घेणार. (नायकीण म्हणजे बायकांच्या खात्यावरची मुकादम, नोकरीच्या चाव्या तिच्याकडे.) अशा वेळी काही पैशांत मिळणारी एक गोळी बाळाला आठ तास झोपवते. शिवाय अफूचं दुकान सरकारी परवान्याचं आणि त्यावरचा महसूल सरकारच्या तिजोरीत. बाई काही चोरून आणत नव्हती.

गोळीचं काम कसं चालायचं तेही समजून घेण्यासारखं आहे. अफू मेंदूतला श्वासाचा वेग मंद करते, आतड्यांची हालचाल मंद करते, आणि बाळाला गुंगी आणते. गुंगीतलं बाळ भुकेला रडत नाही. रडत नाही म्हणून त्याला पाजलं जात नाही. पाजलं जात नाही म्हणून ते वाळत जातं. आणि एखाद दिवशी गोळी चुकली की अंगातली अफू उतरायला लागते : हातपाय थरथरतात, जुलाब होतात, बाळ किंचाळून रडतं. आई काय समजणार? की गोळी दिली नाही म्हणून बाळ आजारी पडलं. ती पुन्हा गोळी देते, आणि बाळ 'बरं' होतं. आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर, सर्व्हर रात्री सारखा अलर्ट पाठवतोय म्हणून कोणीतरी अलर्टच म्यूट करून टाकावा. डॅशबोर्ड शांत, सर्व्हर मरतोय. बाळाचं रडणं हा त्याच्याकडचा एकमेव अलर्ट असतो.

आणि हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. इंग्लंडमध्ये कापड गिरण्यांच्या गावांत 'गॉडफ्रीज कॉर्डियल' नावाचं अफूचं सरबत पोरांना पाजत. एंगेल्सने १८४५ साली इंग्लंडच्या कामगारांवर जे पुस्तक लिहिलं त्यातही त्याचा उल्लेख आहे. अमेरिकेत 'मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप' होतं, त्यात मॉर्फिन. १९०६च्या कायद्याने अमेरिकेत बाटलीवर आत काय आहे ते छापणं सक्तीचं झालं, तेव्हा कुठे बऱ्याच आयांना कळलं की आपण काय पाजतोय. मँचेस्टर काय नि परळ काय. जिथे आईला यंत्रापाशी उभं केलं आणि बाळासाठी जागा ठेवली नाही, तिथे बाळाला झोपवायची बाटली किंवा गोळी आपोआप पोचली.

मग तेव्हाच्या जाणकारांनी काय केलं? इथे मला जास्त रस होता, कारण ताईचा प्रश्न तोच आहे. काळजी घेणाऱ्या माणसाला काय शिकवायचं?

सुईणींना शिकवायचे प्रयत्न आधीपासून होते. लेडी कर्झनच्या पुढाकाराने १९०३ साली खास सुईणींच्या प्रशिक्षणासाठी 'व्हिक्टोरिया मेमोरियल स्कॉलरशिप फंड' निघाला. स्वच्छ हात, स्वच्छ कात्री, नाळ कशी कापायची. चांगलंच होतं. पण त्या काळातली ही कागदपत्रं वाचताना एक सूर सारखा लागतो : सुईण गलिच्छ, आई अज्ञानी, आम्ही शिकवणार. शिकणारीला काय माहीत आहे, आणि आई जे करते ते का करते, हे विचारायची पद्धत फारशी नव्हती. १८९३ ते ९५ मध्ये अफूवर एक मोठा शाही आयोग बसला, सात खंड भरतील इतक्या साक्षी घेतल्या. पोरांना अफू देतात हे तिथेही साक्षींत आलं. आयोगाने निष्कर्ष काढला की सरसकट बंदीची गरज नाही. पोरांचा प्रश्न खंडांतच राहिला.

बार्न्सबाईंच्या पाहणीचं वेगळेपण मला इथे दिसतं. त्यांनी गोळी मोजली, पण गोळीबरोबर कामाचे तास, घर, बाळंतपणाच्या आधी बाई किती दिवस कामावर होती आणि नंतर किती दिवसांत परतली, हेही त्याच चौकटीत पाहिलं. म्हणजे गोळी हा रोग नाही, लक्षण आहे, हे कागदावर आलं.

(एक आकड्यांचा किडा, आमच्यासारख्यांसाठी. १९२१ साली मुंबईत नोंदलेला बालमृत्युदर हजारी साडेसहाशेच्या वर होता! वाचून पोटात गोळा येतो. पण यात एक मेख आहे. बऱ्याच बायका बाळंतपणाला गावी जायच्या. जन्म गावाकडे, मृत्यू मुंबईत. म्हणजे अंश शहरात मोजला जातोय आणि छेद निम्मा गावी पडलाय. खरा दर यापेक्षा कमी असणार. तरीही तो भयानकच होता.)

मग १९२६ला परळमध्ये नवरोसजी वाडिया प्रसूतिगृह निघालं, १९२९ला शेजारी मुलांचं बाई जेरबाई वाडिया रुग्णालय. गिरणी कामगारांच्या वस्तीच्या ऐन मध्यावर. आणि १९२९ सालीच मुंबई इलाख्याने देशातला पहिला प्रसूती-लाभ कायदा केला. विधेयक आणलं होतं असवले यांनी. २८ जुलै १९२८ला मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. त्यांचा मुद्दा सरळ होता : बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणं यात देशाचं हित आहे, म्हणून या खर्चाचा मोठा भार खरं तर सरकारने उचलायला हवा. पण तिच्या श्रमाचा फायदा मालक घेतो, तेव्हा त्यालाही हात झटकता येणार नाहीत. कायद्याने मिळालं काय? दिवसाला आठ आणे, आधी तीन आठवडे, नंतर चार. आज हसू येईल. पण त्या बाईला पहिल्यांदाच, बाळ घेऊन घरी बसल्याबद्दल पैसे मिळणार होते.

बाळगोळी संपली ती कोणत्या एका गोष्टीने नाही. १९३०चा घातक औषधांचा कायदा आला. १९३४च्या कारखाना कायद्याने पन्नासहून जास्त बायका असलेल्या कारखान्याला पोरांसाठी खोली ठेवायला लावण्याचा अधिकार प्रांतांना मिळाला. अफूची दुकानं कमी होत गेली. आणि खरं सांगायचं तर गिरण्यांतल्या बायकांचं प्रमाणही घटत गेलं, ही काही आनंदाची बातमी नव्हे. पण 'अफू वाईट' हे सांगणारी भाषणं तर १९२२च्या आधीही होत होती. भाषण ऐकून बाई घरी गेली की दुसऱ्या दिवशी भोंगा तसाच व्हायचा.

आता मिसरी. अफूइतकी ती भीषण नाही, हे आधी सांगतो, उगाच सनसनाटी नको. पण ती अजून आहे. मुंबईत १२१७ गरोदर बायकांवर झालेला एक अभ्यास २००४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांचा. त्यातल्या सतरा टक्के बायका बिनधुराची तंबाखू वापरत होत्या, आणि त्यातही मुख्यतः मिसरी. त्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी जन्मली आणि सहा दिवस आधी. दिवस भरण्याआधी बाळंत होण्याची शक्यता त्यांच्यात साधारण १.४ पट. निकोटीन वारेतून बाळापर्यंत जातं, आईच्या रक्तवाहिन्या आवळतं, आणि नंतर अंगावरच्या दुधातही उतरतं.

१०५ ग्रॅम म्हणजे काय? तीन किलोच्या बाळाला फारसं काही नाही. एक किलो नऊशेच्या बाळाला पुष्कळ.

२०१२ साली राज्यात गुटखाबंदी झाली, पण मिसरी पुडीतून कमी आणि तव्यावरून जास्त येते. तवा कसा बंद करणार? आणि बाई मिसरी का लावते हे विचारलंत तर उत्तरं तीच, जुनी. दात दुखतात. सकाळी पोट साफ होतं. भूक मरते. शेवटचं उत्तर मी आजीकडूनच ऐकलंय, "भाकर उशिरा मिळायची, मग लावायचं."

जगात या विषयाचं शिक्षण कुठे पोचलंय? १९७५ साली अमेरिकेत डॉ. लोरेटा फिनेगन यांनी अफूच्या जातीच्या औषधांची सवय घेऊन जन्मलेल्या बाळांसाठी गुणांचा तक्ता केला. थरथर किती, रडणं किती, शिंका किती, बेरीज करा, अमुक आकड्याच्या वर गेलं की औषध सुरू. चाळीस वर्षं नर्सना हा तक्ता शिकवला गेला. मग काही डॉक्टरांनी साधा प्रश्न केला : बाळ नीट पितंय का, झोपतंय का, जवळ घेतल्यावर शांत होतंय का? होत असेल तर आधी आईला जवळ आणा, खोलीतला दिवा मंद करा, बाळाला गुंडाळा, पाजा. औषध नंतर. २०२३ साली या पद्धतीची २६ अमेरिकन रुग्णालयांत चाचणी झाली. जुन्या पद्धतीत निम्म्याहून जास्त बाळांना औषध लागलं, नव्या पद्धतीत साधारण पाचातल्या एका बाळाला. घरी जाण्याइतकं बरं व्हायला पंधरा दिवसांऐवजी आठ दिवस.

थोडक्यात, उपचार म्हणून आई. आता आई उपचार असेल, तर तिला हाकलून देणारी नर्स ही औषधाची बाटली फोडणारी नर्स झाली. मिसरीच्या बाळाला हा तक्ता लागत नाही, त्याचा प्रश्न वजनाचा आणि उबेचा. पण आईशी कसं बोलायचं, हा धडा तोच.

हे शिकायला अमेरिकेत जायलाही नको. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने नव्वदच्या दशकात गावातल्याच कमी शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. त्या घरी जायच्या, वजन करायच्या, ऊब द्यायला शिकवायच्या, जंतुसंसर्ग ओळखायच्या. ३९ गावांत नवजात बालमृत्यू तिसऱ्या वर्षापर्यंत ६२ टक्क्यांनी उतरले. १९९९ला हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, आणि २०११ पासून देशभरच्या आशांच्या कामात घरभेटी आल्या : तिसरा दिवस, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा. आमच्या वाटेवरच्या अणदूरलाही डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या 'हॅलो मेडिकल फाउंडेशन'ने गावोगावच्या बायकांना शिकवून 'भारतवैद्य' केलं. या सगळ्याचा पाया एकच : बाईने दार उघडलं पाहिजे.

तर शेवटी ताईची पीपीटी झाली. कवटीचं चित्र काढून टाकलं, कर्करोगाच्या तोंडाचा फोटो काढून टाकला. चारच स्लाइड उरल्या. एकीवर बाळाची वजनं. दुसरीवर बाळाला छातीशी धरून ऊब कशी द्यायची. तिसरीवर १९२२चा तो आकडा आणि गिरणीतल्या बाईचा दिवस. चौथीवर फक्त एक प्रश्न, तो ताईने सांगितला आणि मी टाइप केला : 'दिवसातनं किती येळा लावता?'

'लावता का' नाही. 'किती वेळा'. 'लावता का' म्हटलं की बाई आरोपी होते. 'किती वेळा' म्हटलं की गप्पा सुरू होतात. आणि पुढचा प्रश्न, कोणती वेळ सोडणं सगळ्यात सोपं जाईल?

ताई एकविसाव्या दिवशी पुन्हा त्या घरी गेली. दारातूनच म्हणाली, डबीचं काही बोलायला आले नाही, लेकराचं वजन करायला आले. दार उघडलं. ताईने आधी बाळ झोळीत घालून काट्याला लावलं, मग चहा घेतला, आणि मग विचारलं, किती वेळा? बाई म्हणाली, सहा. बेचाळिसाव्या दिवशी बाळ दोन किलो सहाशे होतं आणि आई दोन वेळांवर आली होती. पूर्ण सुटली नाहीये. सुटेल का, माहीत नाही.

कालच्या फोनवर ताईने आणखी एक सांगितलं. दिवाळी झाली की ती बाई नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाणार आहे. कोयता म्हणजे जोडी, एकट्याला उचल मिळत नाही. पहाटे फडात जायचं, बाळ पाचटावर बाजूला ठेवायचं. २०१७ साली आपल्या कंपन्यांतल्या बायकांची रजा सव्वीस आठवड्यांची झाली तेव्हा आमच्या टीमने केक कापला होता. त्या बाईच्या वाट्याला १९२९चे आठ आणेही पोचलेले नाहीत.

"मिसरीचं मी बघते रे," ताई म्हणाली. "पण फडात गेल्यावर पुन्हा सहा वेळा लावणार ती. मी तरी काय तोंडानं नको म्हणू?"

माझ्याकडे याला स्लाइड नव्हती. म्हणून हे लिहिलं.